फ्यूज बॅटरीजवळच हवा

महोदय,

आडवाटेने हिंडणाऱ्या जीपगाड्यांमध्ये हवा भरण्याचा कॉम्प्रेसर कायमचा बसवून घेण्याची पद्धत आता सोलापुरातही रुळली आहे आणि ती गैर नाही. भीमेकाठच्या वाळूत उतरताना टायरमधील हवा तीसेक पीएसआयवरून अठरा-वीसपर्यंत कमी करावी लागते, आणि तेवढ्याच हवेवर ऐन मे महिन्यात पुणे महामार्गाला लागणे धोक्याचे असते. आक्षेप आहे तो जोडणीच्या पद्धतीला.

बऱ्यापैकी ताकदीचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर ३० अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो आणि सुरू होण्याच्या क्षणी त्याहून पुष्कळ अधिक. डॅशबोर्डवरील लायटर सॉकेटचा फ्यूज बहुधा १५ किंवा २० अँपिअरचा असतो. कॉम्प्रेसर त्यावर चालविल्याने तो उडाला की त्या जागी मोठा फ्यूज बसवून देणारे कारागीर आपल्याकडे आहेत. परंतु फ्यूज असतो तो वायर वाचविण्यासाठी, आणि आतील वायर पूर्वीइतकीच बारीक राहिल्यामुळे आता फ्यूजच्या आधी तीच वितळेल.

योग्य जोडणी अवघड नाही. बॅटरीच्या धन टोकापासून स्वतंत्र वायर, वीतभर अंतराच्या आत ४० अँपिअरचा फ्यूज, तेथून रिलेच्या (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचच्या) ३० क्रमांकाच्या पिनेला आणि ८७ वरून कॉम्प्रेसरला, असा मुख्य मार्ग असावा. बटणाचा, आणि हवेची टाकी असल्यास प्रेशर स्विचचा (टाकीतील दाब घटला की कॉम्प्रेसर आपोआप सुरू करणाऱ्या स्विचचा), संबंध केवळ ८५ व ८६ या पिनांमधील कॉइलशी ठेवावा. तेथे पाव अँपिअरही वाहत नाही. बटणाला पुरवठा इग्निशनवरून दिला, तर टाकीतील हवा गळून रात्री कॉम्प्रेसर आपोआप सुरू होण्याचा आणि बॅटरी उतरण्याचा प्रश्न राहत नाही. फ्यूज मागे, कॉम्प्रेसरजवळ लावलेला मी अनेक गाड्यांत पाहिला आहे. तसे केल्यास बॅटरीपासून तेथवरच्या वायरला कोणीच वाली नसतो, आणि पत्र्याच्या भोकातून रबरी बूच न घालता ओढलेल्या वायरचे आवरण घासले गेले की थेट बॉडीशी शॉर्ट होऊन आग लागू शकते.

वायरच्या जाडीबद्दलची बेफिकिरी तर अधिकच. कॉम्प्रेसर डिकीत असेल, तर जाण्याचे चार आणि परतीचे चार असे आठ मीटर तांबे लागते. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये ३० अँपिअरला एवढ्या लांबीत सुमारे १.७ व्होल्ट वाया जातात, म्हणजे ५० वॅटची उष्णता वायरमध्येच निर्माण होते. १० चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर ही घट अर्ध्या व्होल्टच्याही आत येते. व्होल्टेज कमी मिळाले की मोटर मंदावते, टायर भरायला वेळ लागतो, आणि आपल्या उन्हात आधीच तापलेला कॉम्प्रेसर निम्म्यातच थर्मल कटऑफने बंद पडतो. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त वायरही बाजारात मिळते. तिचा रोध जास्त असल्याने वरील हिशेब तिला लागू पडत नाही.

कॉम्प्रेसर बसवून देणाऱ्या दुकानदारांनी बिलावर वायरची जाडी, तिचा धातू, फ्यूजची क्षमता आणि त्याची जागा लिहून द्यावी, आणि ग्राहकांनी ती बॉनेट उघडून ताडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आपल्या वाहनविषयक पानावर या जोडणीची एक आकृती छापता आली, तर गॅरेजमधील मुलांना ती भिंतीवर लावता येईल.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर