बागेत स्पीकर कुणी मागितला होता?

मा. संपादक साहेब,
स.न.

कालच्या अंकात पान ३ वर आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये केलेल्या नव्या बागेचा फोटो बघितला. फोटो छान आलाय, फोटोला आवाज नसतो हे एक बरंय.

तुमच्या वार्ताहर भाऊंनी तिथं अर्धा तास बसून बघायचं होतं. सकाळी साडेपाचला स्पीकर सुरू होतो, आधी भक्तिगीतं, मग कुठल्यातरी प्लॉटची जाहिरात, मग बासरी, मग परत प्लॉट. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद हा नियम २००० सालापासून आहे, पण बासरीला तो लागत नसेल बहुतेक. मागच्या सोमवारी वॉचमनला म्हटलं, भाऊ जरा बारीक कर ना. तो म्हणे बाबा माझ्या हातात काहीच नाही, सगळं टायमरवर आहे, अॅपवरून चालतं अन पासवर्ड ठेकेदाराच्या माणसाकडे. त्याला फोन लावला तर एक दाबा, दोन दाबा, मी आपला दाबतोय अन डोक्यावर बासरी चालूच. आमच्यातल्या एकाने कानातलं मशीन काढून खिशात टाकलं, म्हणे आता मस्त वाटतंय. बाकीच्यांनी काय करायचं?

पहिले तिथं फक्त निंब होता अन त्याला दगडी पार. कोणी मांडी घालून बसायचं, कोणी पाय सोडून, एखादा आडवाच व्हायचा, तरी गप्पा व्हायच्या. हिवाळ्यात काड्यांवर वांगी भाजून भरीत पार्टी व्हायची. आता पार तोडून स्टीलचे बाकडे टाकले, ते पण शाळेसारखे रांगेत, सगळ्यांची तोंडं मोठ्या स्क्रीनकडे. मे महिन्यात भुसावळला ४५ डिग्रीत त्या बाकड्यावर बसून दाखवा. पेव्हर ब्लॉक तर पार बुंध्यापर्यंत भिडवलेत. हरित लवादाने २०१३ मध्येच दिल्लीत झाडाभोवती एक मीटर सिमेंट काढायला सांगितलं होतं, आमच्या निंबाला पाणी कुठून जाणार?

खरं सांगायचं तर मीही काही कमी नाही. मी मालगाडीवर गार्ड होतो (आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, पगार त्याच्या आधीच संपला आमचा). लूप लाईनला, म्हणजे दुसऱ्या गाडीला वाट द्यायच्या बाजूच्या रुळावर, गाडी तीन तीन तास उभी राहायची, ब्रेकव्हॅनमध्ये (गाडीच्या शेवटी गार्डचा डबा) ना पंखा ना लाईट, बाजूला कपाशी, बसायचं बघत. कंटाळा यायचा पण त्यावर काही उपाय करायचा असतो हेच माहीत नव्हतं. तोच मी आता ओटीपी यायला वीस सेकंद लागले की फोन आपटतो. नातू व्हिडिओ सुद्धा दीडपट स्पीडनं बघतो. त्यामुळे स्क्रीन लावणाऱ्याला एकट्याला तरी काय बोलू, त्याला वाटलं असेल ही म्हातारी माणसं रिकामी बसलीत, काहीतरी लावून द्यावं. पण आम्ही तिथं रिकामं बसायलाच जातो ना साहेब.

जास्त काही मागत नाही. पासवर्ड वॉचमनला द्या अन बुंध्याजवळचे ब्लॉक उपटा. पार परत बांधला तर भरताला तुम्हाला पण बोलवू.

अन हो, शब्दकोड्याची उत्तरं मागच्या महिन्यापासून क्युआर कोडवर का टाकली? पेन्सिलीने कोडं सोडवणाऱ्याने उत्तरासाठी नातवाचा मोबाईल मागायचा का? रविवारचं उभं ७ अजून अडलंय.

आपला,
एक निवृत्त गार्ड, भुसावळ