डिस्कची टकटक आणि अर्धा दरवाजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी नाशिकमधल्या एका शाळेतून निवृत्त झालेला चित्रकला शिक्षक. २००४ सालापासून दर रविवारी कोवळ्या उन्हात कॅमेरा घेऊन जुन्या नाशकात फिरायचं, हा माझा नेम होता. तिवंधा, तिळभांडेश्वर लेन, सोमवार पेठ, काझीगढी, दहीपुलामागच्या गल्ल्या. वाड्यांचे दरवाजे, महिरपी, खिडक्यांचे गज, तुळयांची कोरीव टोकं असे चार हजारांवर फोटो जमले. त्यातले कितीतरी वाडे आज जागेवर नाहीत. काही पावसाळ्यात बसले, काही पाडून तिथे इमारती उभ्या राहिल्या. आणि हे सगळे फोटो एकाच हार्ड डिस्कवर होते. ती चूक माझीच. पण पुढे जे झालं ते टळलं असतं, म्हणून लिहितो आहे.

गेल्या पावसाळ्यात साधं फोल्डर उघडायला पाच-पाच मिनिटं लागू लागली. आतून बारीक टक्, टक् असा आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. कॉम्प्युटर दुकानात नेला. आत काय आहे, त्याची दुसरी प्रत आहे का, हे कुणी विचारलं नाही. ‘काका, बॅड सेक्टर आलेत, म्हणजे डिस्कवरच्या काही जागा वाचता येत नाहीत. रात्रभर स्कॅन लावतो, सकाळी घेऊन जा.’ सकाळी डिस्क दिसत होती, पण आतलं काही उघडेना. पडद्यावर एकच प्रश्न : फॉरमॅट करायची का? ‘हो’ दाबायला त्या मुलाचा हात माऊसवर गेलाही होता. मी तो धरला.

पुढचं सारं आमच्या शेजारच्या इंजिनिअर मुलीने केलं. तिने आधी मला समजावलं. डिस्कच्या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि वाचणारं हेड त्यांच्यावर केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी अंतरावर तरंगत असतं. हेड कमजोर झालं, तबकडीवर चरा उठला, की डिस्क जितकी चालवाल तितकं नुकसान वाढण्याची भीती. स्कॅन नेमका खराब जागेवर पुन्हा पुन्हा डोकं आपटतो, शिवाय ‘दुरुस्ती’ म्हणून फायलींच्या अनुक्रमणिकेतच फेरफार करतो. अशा वेळी पहिलं काम म्हणजे बटण बंद करणं.

गोदेचं पाणी घाटावरच्या, पुराची खूण मानल्या जाणाऱ्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं की सराफ बाजारातले व्यापारी माल हलवायला लागतात, पाणी दुकानात शिरायची वाट बघत नाहीत. ती टकटक म्हणजे तेच कमरेएवढं पाणी होतं, आणि मी ते ओळखलं नाही.

तिने डीडीरेस्क्यू नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम लावून दुसऱ्या मोठ्या डिस्कवर जशीच्या तशी प्रत घ्यायला सुरुवात केली. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अडणारी जागा सोडून पुढे जातो आणि तिच्याकडे शेवटी वळतो. तीन दिवस, तीन रात्री. डिस्क तापू नये म्हणून समोर टेबल फॅन. शोधाशोध केली ती सगळी प्रतीवर, मूळ डिस्कला पुन्हा हात लावला नाही. या काळात एका स्नेह्याने डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितलं होतं. कृपा करून कुणी तसं करू नका, आत दव धरतं. आणि डिस्क अजिबात ओळखलीच जात नसेल तर घरी उघडू नका. ते धूळविरहित खोलीतलं काम आहे.

एकतीसशेच्या आसपास फोटो परत आले, पण नावांशिवाय. मी प्रत्येकाला गल्लीचं, वाड्याचं नाव दिलं होतं. अनुक्रमणिकाच गेल्यामुळे आता नुसते आकडे उरलेत. फोटो काढल्याची तारीख मात्र फोटोच्या आतच असते. ती माझ्या रविवारच्या वह्यांशी ताडून रोज वीस-पंचवीस फोटोंना नाव देतो. या खेपेला तीन प्रती केल्यात. एक पुण्याला मुलीकडे असते.

दुरुस्तीची दुकानं चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पावतीवर एक ओळ छापा : ‘आतला डेटा हवा आहे / नको आहे.’ आणि ‘हवा आहे’वर खूण असेल तर प्रत घेतल्याखेरीज स्कॅन लावू नका.

एक मागणं वाचकांकडेही. तिवंध्याजवळच्या एका वाड्याचा सागवानी दिंडी दरवाजा मी २००७ च्या मार्चमध्ये टिपला होता. परत आलेल्या फोटोत वरची गणेशपट्टी आणि कोयऱ्यांची नक्षी स्पष्ट दिसते, अगदी गणपतीच्या सोंडेवरची धूळसुद्धा. कडीच्या खाली सगळा करडा पट्टा आहे. तो वाडा आता नाही. गणेशपट्टीच्या दोन्ही बाजूंना मोर आणि कडीला पितळी सिंहमुख, एवढं मला आठवतं. असा दरवाजा कुणाच्या घरच्या लग्नाच्या, मुंजीच्या फोटोत मागे उभा असेल, तर आपल्या कार्यालयामार्फत मला कळवावं. मी स्वतः येऊन प्रत करून नेईन.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक,
पंचवटी, नाशिक