अनपेक्षित की अनभिप्रेत?

सदाशिव पेठ, पुणे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझा अनुवाद वाचला. भाषा छान वाहते, पण साइड इफेक्ट, बॅकफायर, फॉलआउट या सगळ्यांना तू 'दुष्परिणाम' हा एकच डगला चढवलायस, तो उतरव. शब्द निवडताना दोन गोष्टी बघ: मूळ काम झालं का, आणि फटका कुणाला बसला.

साइड इफेक्टमध्ये काम झालेलं असतं. गोळीनं सर्दी थांबते, वर झोप येते. तो वाईटच असतो असंही नाही. मिनॉक्सिडिल हे रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले आणि पुढे तेच टकलावर लावायला आलं. तिथं 'दुष्परिणाम' लिहिलंस तर अर्थाचाच विचका. सरळ साइड इफेक्ट लिही, पेठेतल्या आजीबाईही तेच म्हणतात.

बॅकफायरमध्ये काम फसतं आणि चटका करणाऱ्यालाच बसतो. जुन्या स्कूटरचा सायलेन्सर फाट् करतो ना? न जळलेलं पेट्रोल सिलिंडरऐवजी तिथं पेटतं. 'अंगलट येणे' याहून नेमकं काही मिळणार नाही. फक्त इंग्रजीत कर्ता माणूस नसतो, त्याचा बेत असतो: मंत्री बॅकफायर होत नाहीत, त्यांची घोषणा होते.

कोलॅटरल डॅमेज म्हणजे नेम दुसऱ्यावर, फटका भलत्यालाच. त्याला 'सुक्याबरोबर ओलंही जळतं' ही म्हण बसते, पण जपून. लष्करी निवेदनात हा शब्द मेलेली माणसं झाकायला येतो. म्हण घातलीस की त्यात जीव येतो आणि झाकलेलं उघडं पडतं. निवेदनाच्या तोंडी 'आनुषंगिक हानी' असं कोरडंच ठेव.

नॉक-ऑन इफेक्ट म्हणजे साखळी. कर्वे रस्ता खणला, गाड्या प्रभात रस्त्याला वळल्या, तिथं बस अडकली, म्हणून तिची पुढची फेरी रद्द. यातली शेवटची कडी नॉक-ऑन. खणण्याची धूळ नव्हे.

फॉलआउट ही मुळात अणुस्फोटानंतर खाली बसणारी किरणोत्सारी धूळ, आणि त्यावरून एखाद्या घटनेमागून येणारे वाईट परिणाम. इंग्रजीत तो एकवचनीच. 'फॉलआउट्स' लिहू नकोस. आणि फॉल आउट असं तोडून क्रियापद केलं की अर्थ भांडण.

आता तुझी खरी चूक. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांच्या १९३६ च्या लेखाच्या शीर्षकात 'अनअँटिसिपेटेड' आहे, म्हणजे आधी न दिसलेलं. 'अनइंटेंडेड' म्हणजे न योजलेलं. ते आधी दिसलेलं असू शकतं. केमोथेरपीत केस गळणार हे डॉक्टर आधीच सांगतात, पण तो काही उपचाराचा हेतू नसतो. अशा जागी 'अनपेक्षित' चूक, 'अनभिप्रेत' बरोबर. शब्द जड वाटला तर 'नको असलेला' कर. तू दोन्हीकडे 'अनपेक्षित' टाकलंयस, म्हणून ज्याला सगळं माहीत होतं तोही बिचारा सुटतो!

कोब्रा इफेक्टची दिल्लीची गोष्ट (नाग कमी व्हावेत म्हणून मेलेल्या नागामागे बक्षीस लावलं, तर लोकांनी बक्षिसासाठी नाग पाळले) ठेव, पण पुढे 'असं सांगतात' जोड. तिला समकालीन पुरावा नाही. नाव जर्मन अर्थतज्ज्ञ होर्स्ट सीबर्ट यांच्या २००१ च्या पुस्तकामुळे रूढ झालं. पुरावा हवा तर हनोई घे. १९०२ मध्ये फ्रेंचांनी उंदराच्या शेपटीमागे पैसे लावले, आणि शहरात शेपटी छाटलेले जिवंत उंदीर फिरू लागले. शेपटी कापून सोडला की पिल्लं होणार, पुन्हा शेपट्या! 'करायला गेला गणपती आणि झाला मारुती' ही तुझी आवडती म्हण इथं शोभेल. बाकी तीन ठिकाणची काढ.

तुझा,
विनायक