हौसेनं गेलात ना!

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला प्रादेशिक सेनेवरचा, म्हणजे एरवी आपापली नोकरी करून बोलावलं की वर्दी चढवणाऱ्या ‘टीए’वरचा (टेरिटोरियल आर्मी) लेख वाचला. धोनी आणि नीरज चोप्रा वर्दीत शोभून दिसतात, यात वादच नाही. पण असे मानद लेफ्टनंट कर्नल घरी परतले, की ‘तुमची जागा भरली’ असं त्यांना कुणी सांगत नाही.

माझे यजमान कोल्हापूरच्या टीए पलटणीत आहेत. नऊ वर्षं एका फाउंड्रीत मोल्डिंगला होते. बोलावण्याचं पत्र घेऊन कंपनीत गेले, तर साहेब म्हणाले, ‘परत कधी येणार ते लिहून द्या.’ ते कोण लिहून देणार? वीस महिन्यांनी परत आले, तर वॉचमननं गेटवरच पोतं हातात दिलं. त्यात सेफ्टी शूज, चहाचा मग आणि एकच हातमोजा. लॉकरला दुसऱ्याचं कुलूप. वर साहेबांचं उत्तर, ‘जबरदस्तीनं नेलं नव्हतं ना? हौसेनं गेलात.’

हेच वाक्य मी बँकेत हप्ता थकल्यावर ऐकलं, आणि सासूबाईंच्या खुब्याच्या ऑपरेशनला ‘पेशंटचा मुलगा कुठाय?’ विचारणाऱ्या नातेवाइकांकडूनही. सही मीच केली.

टीएच्या १९४८ च्या कायद्यात कलम ७ आहे म्हणे. माणूस परत आला, की मालकानं त्याला कामावर घ्यायचं. नाही घेतलं तर भरपाई, तीही फार तर सहा महिन्यांच्या पगाराइतकी. त्यासाठी खेटे घालायचे आम्ही. आणि तोवर खायचं काय? पलटणीतून घरी पाठवलं की तिकडचाही पगार बंद. पेन्शनला लागणाऱ्या १५ वर्षांत घरी बसलेले दिवस धरत नाहीत. तुमच्या लेखात ‘नोकरी सांभाळून देशसेवा’ तीन वेळा आलंय. मी मोजलं.

सरकारच्या ६ मे २०२५ च्या आदेशानं टीएच्या ३२ पैकी १४ पायदळ बटालियन बोलावता येतील, हे तुम्ही चौकटीत छापलंत. त्यातल्या किती जणांची पोती गेटवर बांधून ठेवलीत, तेही एकदा वार्ताहर पाठवून विचारा.

जाता जाता, लेखाबरोबरचा फोटो टीएचा नाही, होमगार्डच्या संचलनाचा आहे. यांनी बघताक्षणी ओळखला. दुरुस्ती छापावी. आतल्या पानावर बारीक अक्षरात छापली तरी चालेल, तुमची पद्धत तीच आहे.

– एका टीए जवानाची पत्नी, ता. करवीर