पावसाळ्याआधी ग्रामोफोन वर हलवा
सर्व सभासदांना नमस्कार. नदीकाठी राहणाऱ्यांनी चावीचे ग्रामोफोन आणि तबकड्या आत्ताच वरच्या मजल्यावर हलवाव्यात. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत पाणी घराघरांत शिरलं, जुलै २०२१ मध्ये पुन्हा. यंत्रांचे फोटो आणि क्रमांक दुसऱ्या गावी कुणाकडे तरी ठेवा.

यंत्र भिजलंच, तर चावी अजिबात देऊ नका. स्प्रिंगमध्ये आणि गव्हर्नरमध्ये (तबकडीचा वेग एकसारखा ठेवणाऱ्या भागात) गाळ असतो. ग्रामोफोनच्या जुन्या लाकडी पेटीचे सांधे सरसाने जोडलेले, ते पाण्यात सुटतात. निघालेली फळी, अगदी पातळ पापुद्रासुद्धा, कृपा करून फेकू नका. लाखेच्या तबकड्या साध्या थंड पाण्याने धुवून सावलीत उभ्या वाळवा. उन्हात त्या वाकतात, स्पिरिटने लाखच विरघळते.

भंगारवाल्याला देण्याआधी गटात कळवा. आम्ही येऊन पाहू.