आधी मांडव, मग वेल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत कमी देखभालीच्या परगोलावर (म्हणजे वेली चढवायच्या उघड्या मांडवावर) जे पान आलं होतं ते वाचलं, फोटो झकासच आहेत, पण त्यातली जांभळ्या घोसांची वेल म्हणजे विस्टेरिया, ती थंड मुलखातली, तिला फुलायला हिवाळ्यात चांगला गारठा लागतो आणि आपल्याकडे जानेवारीत पण दुपारी पंखा लावावा लागतो. आमच्या भिशीतल्या एकीनं पान वाचून लगेच ऑनलाइन बिया पण मागवल्या, म्हणून म्हटलं लिहावंच.

मी जुळे सोलापुरात राहते. घरापुढं पश्चिमेला १० बाय १२ फुटांची मोकळी जागा, तिथं एप्रिल-मे मध्ये दुपारी ३ नंतर ऊन जे येतं ते थेट हॉलमध्ये सोफ्यापर्यंत. गल्लीत सगळ्यांनी पत्रा टाकलाय, पण पत्र्याखाली दुपारी उभं राहून बघा, डोकं भणाणतं. म्हणून आम्ही परगोला करायचं ठरवलं, आणि तिथंच पहिली चूक केली. फॅब्रिकेशनवाल्याकडून एक इंची चौकोनी पाइपाचा, चार पाय फरशीवर बोल्टनं बसवलेला, वर पट्ट्या, काळा रंग, एकदम हॉटेलसारखा करून घेतला. त्यावर मधुमालती सोडली. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात वळवाचं वादळ आलं, त्या वेलीत वारा असा भरला जसा काही शिडात भरतो, दोन पायांचे बोल्ट फरशीसकट उपटले आणि सगळा सांगाडा वेलीसकट शेजाऱ्यांच्या गाडीवर. फॅब्रिकेशनवाला काय म्हणाला असेल? "मॅडम, वेल चढवणार हे तुम्ही बोललाच नव्हता की!" मग परगोला कशाला असतो, सांगा.

आमचे धाकटे दीर नान्नजला असतात, त्यांची द्राक्षबाग आहे (नान्नज म्हणजे तेच, जिथल्या नानासाहेब काळे यांनी सोनाका हे वाण काढलं). ते बघायला आले आणि हसायलाच लागले. म्हणाले, "वहिनी, तुम्ही वेल लावलीत, मांडव कुठं केलात?" खरंच आहे हो, आपल्या जिल्ह्यात ही विद्या शेताशेतात उभी आहे आणि आपण फोटो बघतोय परदेशातले. द्राक्षाच्या मांडवात सगळा जोर कोपऱ्यांवर असतो, कोपऱ्याचा खांब बाहेरच्या बाजूला कललेला आणि त्याला ताण दिलेला, ताणाच्या तारेचं खालचं टोक मोठ्या दगडाला बांधून दगड जमिनीत पुरलेला. वेलीचं वजन जितकं वाढतं तितका मांडव आत ओढला जातो, तो ओढा हा ताण पेलतो. घराच्या अंगणात एवढ्या ताणाला जागा नसते म्हणून दिरांनी दुसरा उपाय केला, दोन इंची जाड जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपाचे चार खांब, काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खड्डे, आणि काँक्रीट. काळ्या मातीत वरवर बसवलेलं काही टिकत नाही, उन्हाळ्यात ती हात जाईल एवढी तडकते आणि पावसात फुगते, खांब हलतातच. उंची साडेआठ फूट, वर दीड-दीड फुटावर जीआय तारा. पट्ट्या नाहीत, डिझाइन नाही. खर्चातला तीन चतुर्थांश लोखंड, सिमेंट आणि मजुरीत गेला, रोपं त्या मानानं फुकटच. त्याला आता सात वर्षं झाली, एकदा सांध्यांना रेडऑक्साइड (गंज रोखणारा रंग) मारलं, बास.

आता वेली. सगळे विचारतात द्राक्षाचाच वेल का नाही लावला. अहो, त्याला एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी, मधे फवारण्या, दीर म्हणाले की हे घरात करायचं असेल तर मला पगार द्या. गुळवेल फार चिवट, पाणी मागत नाही, पण ऐन उन्हाळ्यात पानं गाळते, म्हणजे सावली हवी तेव्हा नुसत्या दोऱ्या लोंबतात. कृष्णकमळ मी हौसेनं लावलं, एका आठवड्यात काटेरी अळ्यांनी पार देठ ठेवला, नंतर त्याच अळ्यांची केशरी फुलपाखरं झाली तेव्हा राग जरा गेला. जाई-जुईचा वास कितीही आवडला तरी त्यांना पाणी वेळेवर लागतं. शेवटी राहिल्या तीन. पश्चिमेच्या कोपऱ्यात मधुमालती, संध्याकाळी पांढरी उमलते, सकाळी गुलाबी, मग लाल, एकाच घोसात तिन्ही रंग. फाटकाच्या बाजूला बोगनवेल, बसायच्या जागेपासून लांब, काटे आहेत म्हणून, आणि तिला पाणी जास्त दिलं की नुसती पानं येतात, जरा उपाशी ठेवली की फुलते, म्हणजे सोलापूरसाठीच जन्मलेली. आणि तोंडली, कारण मधुमालती मांडव भरायला दीड-दोन वर्षं घेते, तोवर सावली पण आणि भाजी पण. तोंडलीचं फाटं लावायचं ते ज्या वेलीला फळ धरतंय तिचंच आणा, नाहीतर नुसती पांढरी फुलं बघत बसाल.

पाण्याचं तर सोलापूरकराला वेगळं सांगायला नको, नळाला काही दिवसांआड येणार. मी प्रत्येक आळ्यात बुडापासून गळ्यापर्यंत एक मडकं पुरलंय, पाण्याच्या दिवशी भरायचं आणि झाकण ठेवायचं (डास!), ते झिरपत राहतं आणि मुळं आपोआप मडक्याला बिलगतात. यात पण माझी एक फजिती झाली, काटकसर म्हणून घरातला जुना प्यायचा माठ पुरला, आठ दिवस झाले तरी पाणी तेवढंच. क्षारांनी त्याची छिद्रं बुजलेली असतात. नवीनच मडकं घ्या, कुंभाराकडून, न रंगवलेलं. वर पाचट अंथरायचं, उसाचं कुठंही मिळतं, फक्त खोडाला चिकटवू नका, वाळवी लागते.

देखभाल म्हणाल तर गड्ड्याची जत्रा (संक्रांतीची आमची सिद्धेश्वराची यात्रा) झाली की मी कात्री काढते. मधुमालतीच्या वरच्या फांद्या निम्म्यावर आणते, सुकलेलं काढते, अर्ध्या दिवसाचं काम. एप्रिल उजाडेपर्यंत परत गच्च. हो, थंडीत पानं गळतात आणि पन्हाळी तुंबते, ते झाडणं आहेच, आमच्या ह्यांच्याकडे दिलंय.

तुमच्या पुरवणीत पुढच्या वेळी नान्नज-कासेगावकडच्या एखाद्या मांडवाचा कोपरा जवळून फोटो काढून छापा, विस्टेरियापेक्षा जास्त कामाला येईल. पत्र लांबलंय ते मला कळतंय, छाटायचं तर खुशाल छाटा, खड्ड्यांचा आणि मडक्याचा भाग तेवढा ठेवा.

आपली नेहमीची वाचक,
जुळे सोलापूर