ताई, फ्रिज आता रात्रभर चालतो

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही लगेच विषय बदलता. म्हणून हे उघड पत्र. इथे तुम्हाला मला मधेच थांबवता येणार नाही, आणि मोटरहोमचा (राहायच्या गाडीतला) फ्रिज सोलरवर चालवताना जे कोणी मेटाकुटीला आले असतील त्यांच्याही ते कामी येईल. तुमचं नाव मात्र देत नाही, ती तुमचीच अट.

आमचं दुखणं तुम्हाला ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. छतावर आडवं बसवलेलं २०० वॅटचं पॅनेल, सीटखाली १०० एएचची (अँपिअर-तासांची) एजीएम, म्हणजे सीलबंद शिसे-आम्ल बॅटरी आणि १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसर फ्रिज. दिवसभर सगळं सुरळीत. पहाटे मात्र फ्रिजचा दिवा लुकलुकायला लागायचा, कॉम्प्रेसर बंद पडायचा आणि ऊन चांगलं वर येईपर्यंत चालूच व्हायचा नाही. खाण्यापिण्याचं एक वेळ निभावलं असतं, पण आत आईचं इन्सुलिन होतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, आणि चुकून गोठलं तर तेही फेकूनच द्यायचं. त्यामुळे आई रात्री फ्रिजच्या घरघरीकडे कान लावून पडलेली असायची.

ज्याला विचारावं तो एकच सांगायचा: बॅटरी कमी पडतेय, आणखी एक जोडा. जरा जास्त जाणता असला तर म्हणायचा, लिथियम घ्या. एकाने तर घरगुती फ्रिज इन्व्हर्टरवर चालवायचा सल्ला दिला. (नुसता चालू ठेवलेला इन्व्हर्टरच १० ते २० वॅट खातो, म्हणजे चोवीस तासांत २४० ते ४८० वॅट-तास. एवढ्यात एखादा छोटा फ्रिज चालतो, हे तुम्ही नंतर बोटांवर हिशेब करून दाखवलंत.) तुम्ही शेजारच्या गाडीतून उतरून आलात, सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच विचारलंत, "बॅटरी संपते, हे मोजलंय कोणी?"

कोणीच मोजलं नव्हतं. या पत्रातले निम्मे आभार त्या एका प्रश्नाचे आहेत.

पहाटे तुम्ही मल्टिमीटर घेऊन हजर. कॉम्प्रेसर चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलवर १२.१ व्होल्ट. तीच मोजणी फ्रिजच्या मागे, जिथे वायर आत शिरते तिथे: ११.२. म्हणजे जवळपास एक व्होल्ट वाटेतच गळत होता. गाडीत वायरिंग ज्यांनी केलं त्यांनी फ्रिजला १.५ एमएमची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर छेदाची) वायर टाकली होती, तीही सगळ्या कपाटांना वळसा घालून. जायचे सात आणि यायचे सात असे चौदा मीटर. १.५ एमएमच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरमागे सुमारे १२ मिलिओहम. चौदा मीटरचे झाले ०.१७ ओहम. त्यातून ५ अँपिअर गेले की ०.८५ व्होल्ट गायब. उरलेली गळती सापडली ती फ्रिजचा प्लग ज्यात खोचला होता त्या लायटरच्या सॉकेटमध्ये, ते हाताला कोमट लागत होतं. घरातल्या विजेच्या सवयीने आपण वायर निवडतो, पण तिथे एक व्होल्ट गेला तर कोणाला कळतही नाही. १२ व्होल्टमध्ये तोच एक व्होल्ट म्हणजे बारावा हिस्सा.

आणि मग तुम्ही फ्रिजच्या सेटिंगमध्ये शिरलात. बॅटरी पार रिकामी होऊ नये म्हणून या कॉम्प्रेसरना व्होल्टेज घसरलं की आपोआप बंद व्हायची सोय असते. गाड्यांच्या फ्रिजमध्ये सर्रास दिसणाऱ्या डॅनफॉसच्या (आताच्या सेकॉपच्या) बीडी ३५ कॉम्प्रेसरला १२ व्होल्टवर मूळ सेटिंग असतं १०.४ ला बंद आणि ११.७ ला पुन्हा चालू. आमच्या फ्रिजचं संरक्षण सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवलेलं होतं. ती पायरी इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीवर फ्रिज चालवणाऱ्यांसाठी. सकाळी गाडी स्टार्ट व्हावी म्हणून फ्रिज लवकर हात वर करतो. आमची बॅटरी तर वेगळी, घरापुरती. फ्रिजला दिसत होतं ते वायरच्या टोकाचं व्होल्टेज, बॅटरीचं नव्हे. बॅटरी जेमतेम अर्धी उतरलेली, आणि फ्रिज मात्र ती संपली असं समजून झोपी जात होता.

दुसऱ्या बॅटरीने काय झालं असतं? पहाटेऐवजी आणखी काही तासांनी तेच.

तुम्ही बॅटरीपासून थेट फ्रिजपर्यंत ६ एमएमची वायर ओढलीत, बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज घातलात, लायटरचं सॉकेट काढून टाकलंत आणि संरक्षणाची पायरी मधली केलीत. आता वाटेतली गळती पाव व्होल्टही भरत नाही. आईला पहिली शांत झोप लागली ती त्याच रात्री.

इथे थांबला असतात तरी मी जन्मभर ऋणी राहिलो असतो. पण तुम्ही बॅटरीच्या निगेटिव्हवर शंट बसवायला लावलात आणि म्हणालात, "आता बघू फ्रिज खातो किती." व्होल्टेज पाहून बॅटरी किती उरली हे फ्रिज चालू असताना नीट कळत नाही, १२.७ म्हणजे पूर्ण आणि १२.२ म्हणजे अर्धी, हे आकडे बॅटरी काही तास निवांत असेल तरच खरे. शंट आत-बाहेर जाणारा प्रत्येक अँपिअर मोजतो. उन्हाळ्याच्या दिवसांत आमचा आकडा आला चोवीस तासांना सत्तरेक एएच. चालू असताना कॉम्प्रेसर ५ अँपिअर घेतो, म्हणजे तो चोवीसपैकी चौदा तास पळत होता. तुमच्या कपाळावर आठी पडली.

"फ्रिज थंडी तयार करत नाही. आतली उष्णता उचलून मागे टाकतो. मागे टाकलेली जाते कुठे ते बघा." हे तुमचं वाक्य मी फ्रिजच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलंय. टिश्यू पेपरची पट्टी घेऊन तुम्ही बाहेरच्या दोन जाळ्यांसमोर धरलीत. खालच्या जाळीतून हवा आत यायला हवी, वरच्या जाळीतून बाहेर. पट्टी दोन्हीकडे ढिम्म. फ्रिजच्या मागे हातभर पोकळी होती आणि कंडेन्सरने (उष्णता बाहेर सोडणाऱ्या नळ्यांनी) फेकलेली गरम हवा तिथेच गोल फिरून पुन्हा कंडेन्सरवर येत होती. तुम्ही ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा एक तिरका पडदा बसवलात, जेणेकरून खालून आलेल्या हवेला कंडेन्सरमधूनच जावं लागेल. कडांना फोम लावलात, वरच्या जाळीपाशी संगणकातला १२ व्होल्टचा पंखा. पंखा खातो दोन वॅट. त्यातून आणि दाराच्या ढिल्या झालेल्या रबरी पट्टीच्या दुरुस्तीतून रोजचा खर्च पंचेचाळीस एएचच्या आसपास आला. एकही नवीन पॅनेल न घेता!

पंचेचाळीस हा आकडा इतका महत्त्वाचा का, तेही सांगतो. एजीएम बॅटरी टिकवायची तर अर्ध्याखाली उतरवू नये. म्हणजे १०० एएचमधले हाताशी ५०. आणि आडव्या २०० वॅटच्या पॅनेलमधून उन्हाळ्याच्या स्वच्छ दिवशी ८०० ते १००० वॅट-तास मिळतात, साधारण ६० ते ७५ एएच. आधी मिळकत आणि खर्च तोडीस तोड होते आणि दिवे, पंप, फोन यांना उधारी. आता दुपारीच बॅटरी भरते. ढगाळ दिवशी मात्र हे सगळं पाव हिश्श्यावर येतं, आणि ढगाला वायर जाड करून उपयोग नाही.

ती दुपारची जादा वीज. तुमच्या सगळ्या उपायांत मला सर्वांत आवडलेला हा. बॅटरी भरली की कंट्रोलर (पॅनेल आणि बॅटरीच्या मधला चार्जर) पॅनेलची उरलेली वीज घेतच नाही. ऊन छतावर पडून वाया. तुम्ही म्हणालात, ती बर्फात साठवा. फ्रीझरच्या कप्प्यात साध्या पाण्याच्या दोन बाटल्या दुपारी गोठवायच्या, संध्याकाळी त्या फ्रिजच्या कप्प्यात आणायच्या. एक किलो बर्फ वितळताना ९३ वॅट-तास उष्णता पितो. दोन किलोंनी कॉम्प्रेसरचं जे काम वाचतं ते बॅटरीच्या दहा एएचएवढं भरतं, आणि ही साठवण ना झिजते ना तिला चार्जर लागतो. थर्मोस्टॅटही तसाच: दुपारी ३ अंशांवर, रात्री ५ वर. इन्सुलिनचा डबा मधल्या फळीवर, थंड पत्र्यापासून आणि बाटल्यांपासून लांब, त्यात छोटा थर्मामीटर. आई आता त्याची नोंदवही ठेवते आणि मला रोज आकडे वाचून दाखवते, मी विचारलं असो वा नसो.

याची उलट बाजूही आम्हाला पटली आहे. पाच लिटर कोमट पाणी ३० अंशांवरून ५ वर आणायचं म्हणजे १४५ वॅट-तास उष्णता उपसायची, त्यासाठी बॅटरीतून आठेक एएच. रात्री नऊला पाण्याच्या बाटल्या आत कोंबणाऱ्याकडे आई आता ज्या नजरेने बघते, ती तुमच्याकडूनच उचललेली आहे.

सावलीबद्दल एक भांडण मात्र अजून मिटलेलं नाही. गाडी झाडाखाली लावली तर फ्रिज कमी पळतो, पण पॅनेल उपाशी. उन्हात लावली तर उलटं. तुमचा मध्यममार्ग, म्हणजे गाडी सावलीत आणि लांब जाड वायरीवर सुटं पॅनेल उन्हात, पटतो. पण ते पॅनेल सूर्यामागे फिरवत बसायला जो लागतो तो मी असतो. छतावरच्या हवेच्या झरोक्याचं झाकण उघडं राहिलं की त्याची सावली पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडते, हे तुम्ही दाखवेपर्यंत माझ्या ध्यानातही आलं नसतं. तेवढ्या कोपऱ्याने मीटरवरचे अँपिअर निम्म्याखाली आले. पॅनेलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात. सावलीतला भाग बायपास झाला की उरलेल्या भागाचं व्होल्टेज बॅटरी चार्ज करायला पुरत नाही, मग पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा एमपीपीटी कंट्रोलर कितीही हुशार असला तरी काय करणार! आता दुपारी झरोका दुसऱ्या बाजूचा उघडतो, आणि फ्रिजच्या जाळ्यांची बाजू दुपारच्या उन्हाकडे येणार नाही अशी गाडी वळवून लावतो.

ज्यांच्याकडे गॅस, १२ व्होल्ट आणि घरगुती वीज अशा तिन्हींवर चालणारा, कॉम्प्रेसर नसलेला शोषण (ॲब्सॉर्प्शन) फ्रिज आहे, त्यांनी यातलं वायुवीजन जरूर घ्यावं, बॅटरीचा हिशेब घेऊ नये. तो फ्रिज अमोनिया उकळवून थंड करतो; बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये काढलेली ती युक्ती सुंदर आहे, हलणारा एकही भाग नाही. पण १२ व्होल्टवर तिचं हीटर १० ते १५ अँपिअर सतत ओढतं. ती सोय चालत्या गाडीपुरती. उभ्या गाडीत त्याला गॅसच द्यावा आणि गाडी सपाट जागी लावावी.

लिथियमबद्दल तुमचा निरोप मी पाळतोय: ही एजीएम मरेपर्यंत थांबायचं. नंतर लिथियम आयर्न फॉस्फेट घेईन, १०० एएचमधले ८० तरी निर्धास्त वापरता येतील. चार्जरचं सेटिंग बदलायचं, शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही, आणि इंजिनवरून चार्ज करायला मधे डीसी-डीसी चार्जर घालायचा, हे वहीत लिहून ठेवलंय. ३० अँपिअरचा पुरे ना? तासभर गाडी चालवली तर फ्रिजचा अर्ध्याहून जास्त दिवस निघतो, असा माझा हिशेब. चुकला असेल तर कळवा.

आणि हो, तुमचं क्रिंपिंग टूल (वायरच्या टोकाला लग दाबून बसवायचा पक्कड) अजून माझ्याकडेच आहे. परवा शेजारी लागलेल्या एका गाडीचा फ्रिज पहाटे लुकलुकत होता. तिथेही लायटरचं सॉकेट, तिथेही दीडची वायर. ते काम संपलं की परत देतो. लग कमी पडले होते, ते नवे आणून डब्यात भरलेत. आई तुम्हाला भेटायला कधी जायचं म्हणून रोज विचारते, तेव्हा कुठल्या माळावर आहात तेवढं सांगा.

आपला,
पहाटे फ्रिज बंद पडणाऱ्या गाडीतला शेजारी